डिस्क माझ्या टेबलावर होती

मंडळी, आधीच कबूल करते, मी या सदराची वाचक नाही. माझी नणंद आहे. कुणाचा नवीन अनुभव आला की ती तो मला फॉरवर्ड करते आणि मी खाली "त्यांना म्हणावं झोप पुरी घ्या" असलं काहीतरी खोचक लिहून पाठवते. भुतंखेतं, पत्रिका, वास्तू... माझं कशाशीच कधी जमलं नाही. आमच्या क्वार्टरचं दार दक्षिणेला आहे म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, आई, दार सरकारने काढलंय, तक्रार त्यांच्याकडे करा.

त्यात माझं काम असं की सगळ्याची नोंद असते. मशीन किती वाजता चालू झालं, किती वाजता बंद झालं, कोणी हात लावला, सगळं मिनिटासकट. "मैडम, अपने आप हो गया" असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. तर तीच मी आज हे लिहायला बसलेय. नणंदबाई आता जन्मभर ऐकवणार, ऐकवू देत.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन दिल्लीत येऊन अकरा वर्षं झाली. नवरा, मिलिंद, केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आम्ही सरोजिनी नगरला राहतो. माझी कंपनी नोएडात आहे, बारा-पंधरा माणसांची. लोकांचे सर्व्हर बसवून द्यायचे, ते बिघडले की शिव्या खायच्या, हा आमचा धंदा.

गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली. धुराचे दिवस, घसा सतत खवखवतोय, सकाळी दहाला सूर्य पिवळट दिसतोय, असा मोसम. हिंदूराव हॉस्पिटलच्या पुढे, रिजच्या टेकडीच्या उतारावर एका ट्रस्टची रक्तपेढी आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही. कोणा भल्या माणसाने त्यांना एक नवाकोरा दणकट सर्व्हर भेट दिला होता आणि तो बसवून द्यायचं काम आमच्याकडे आलं. त्यांच्याकडे पाच जुनी मशीन्स होती, प्रत्येकाचं काम वेगळं. ती पाचही या एका नव्या सर्व्हरच्या पोटात घालायची होती. मी हे सगळ्यांना असं समजावते — पाच पडक्या घरांतली पाच बिऱ्हाडं एका मोठ्या पक्क्या घरात आणायची. प्रत्येकाची चूल वेगळी, प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्रच राहतोय, पण भिंती, वीज, पाणी एकच. याला आमच्या भाषेत व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

बुधवारी मी नव्या सर्व्हरवर तो प्लॅटफॉर्म चढवला. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केला, डिस्क जोड्यांनी लावल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी सांभाळेल, नेटवर्क दिलं, लॅपटॉपवर त्याचं कंट्रोलचं पान उघडलं. छान चाललं होतं. गुरुवार-शुक्रवारात चार बिऱ्हाडं हलली. एकानेही त्रास दिला नाही. राहिलं फक्त पाचवं.

त्या पाचव्या मशीनवर कोणीतरी मार्करने "रेअर" लिहिलेलं होतं. त्यात दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची यादी होती. तुम्ही बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकला असेल. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ चढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त त्याच गटाच्या माणसाचं रक्त चालतं आणि अशी माणसं फार म्हणजे फारच थोडी. ते रक्त पेढीत पडून नसतं. गरज पडली की यादी काढायची, फोन लावायचा आणि माणसाला बोलवायचं. म्हणजे त्या मशीनमधली खरी दौलत म्हणजे फोन नंबर.

ही यादी ज्यांनी उभी केली ते मराठी निघाले. रणभिसे काका, आपल्या नगरकडचे. तीस-एक वर्षं या पेढीत रेकॉर्ड सांभाळत होते. प्रत्येक दात्याच्या वाढदिवसाला स्वतः फोन करायचे. शुभेच्छा द्यायच्या आणि त्याच फोनवर हळूच विचारून घ्यायचं, पत्ता तोच ना, नंबर तोच ना, तब्येत बरी ना. यादी अशी ताजी राहायची. ते निवृत्त होऊन नगरला गेले आणि वाढदिवसाचे फोन बंद झाले. कोणाच्याच कामात ते लिहिलेलं नव्हतं ना!

आता माझी अडचण. मशीन इतकं म्हातारं होतं की चालू असताना त्याची नक्कल काढायची तर आत शिरावं लागणार, आणि पासवर्ड फक्त रणभिसे काकांना ठाऊक. पेढीतून त्यांच्या मुलीचा नंबर मिळाला. शुक्रवारी संध्याकाळी मी फोन केला. स्मिताताई फार गोड बोलल्या.

"अहो, बाबांना आता माझंसुद्धा नाव आठवत नाही," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले, धड शब्द नाही त्यांच्या तोंडून. घास भरवला तर खातात. पासवर्ड कुठून आठवणार?"

"राहू द्या ताई, मी दुसरा मार्ग काढते. काकांना नमस्कार सांगा," म्हणून फोन ठेवला.

दुसरा मार्ग म्हणजे मशीन बंद करायचं, डिस्क बाहेर काढायची, माझ्या लॅपटॉपला जोडून तिची जशीच्या तशी नक्कल घ्यायची आणि ती नक्कल नव्या घरात ठेवून द्यायची. पासवर्डची गरजच नाही. फक्त त्या तीन-चार तासांत मशीन बंद राहणार.

आणि इथे मी माती खाल्ली.

मी पेढीच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं, शनिवारी बंद करू का? ते म्हणाले, "कर दीजिए मैडम, सैटरडे को उसे कौन देखता है. हो जाएगा." अकरा वर्षांत मला एवढं कळायला हवं होतं की दिल्लीतलं "हो जाएगा" म्हणजे "मला विचारू नका". पण मी स्वतःवर खूश होते. नेटवर्कच्या डब्यावरून पाहिलं तर त्या मशीनकडे कोणाचीही जा-ये नाही. शून्य. झालं, कोणी वापरत नाही, करा बंद. अहो, रक्ताच्या काउंटरवरचा प्रोग्राम बटण दाबलं तेवढ्यापुरताच त्या मशीनशी बोलतो, एरवी गप्प! आणि ते बटण कधी दाबलं जाईल हे मला काउंटरवरच्या बाईंना विचारायचं सुचलं नाही. काउंटर माझ्या खोलीपासून वीस पावलांवर होता. आमच्या जातीचे लोक असेच. स्क्रीनला विचारतील, माणसाला विचारणार नाहीत.

शनिवारी अकरा वीसला मी मशीन बंद केलं. वेळ नक्की सांगू शकते, कारण माझ्या वहीत लिहिलेली आहे. वीज काढली, नेटवर्कची वायर काढली, झाकण उघडलं, डिस्क काढून टेबलावर रुमाल घालून ठेवली आणि लॅपटॉपला जोडली. नक्कल सुरू झाली. तीन तास लागणार होते.

बारा चाळीसला घसा फारच सुकला म्हणून चहाला बाहेर आले. काउंटरसमोरच्या बाकावर पंचविशीचा एक मुलगा बसला होता, मांडीवर थर्माकोलचा डबा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. काउंटरवर कमलेशजी, पन्नाशीच्या, अंबाल्याच्या, आवाज खणखणीत. त्या फोनवर होत्या.

"हाँ भाईसाहब, जितनी जल्दी हो सके. हाईवे पर धुंध है तो आराम से चलाना... पर जल्दी." फोन ठेवून त्या मुलाला म्हणाल्या, "मिल गया बेटा. पानीपत से आ रहा है."

त्या मुलाने डब्यावर डोकं टेकलं आणि रडायला लागला.

कमलेशजींनीच मला सांगितलं. त्याची बायको, पूनम, आदल्या दिवशी बाळंत झाली. मुलगी झाली, बाळ ठीक. पण पूनमचं रक्त थांबेना. ओ समजून मागवलेली बाटली जुळेना, तेव्हा नमुना इकडे आला आणि निघाला बॉम्बे ग्रुप. पुन्हा ऑपरेशन करावं लागणार होतं आणि भूल देणारे डॉक्टर म्हणत होते, रक्त हातात असल्याशिवाय मी हात लावणार नाही. जेमतेम संध्याकाळपर्यंतची मुदत होती.

"बहुत कम लोग हैं इसके," कमलेशजी म्हणाल्या. "लिस्ट में तीन नाम निकले. एक विदेश में, एक को डेंगू. बस यही एक था, सतबीर. भगवान का शुक्र है, फ़ोन लग गया."

"लिस्ट?" मी विचारलं. "कागज़ वाली?"

"अरे कागज़ वाली तो कब की दीमक खा गई. कंप्यूटर से निकाली. ये देखो."

त्यांनी खडखड्या प्रिंटरमधून फाडलेली पट्टी माझ्यासमोर धरली. तीन नावं, तीन नंबर. वर तारीख — आजची. वेळ — बारा चोवीस.

मंडळी, मी ती वेळ दोनदा वाचली. बारा चोवीसला ते मशीन उघडं पडलं होतं, वीज नाही, वायर नाही. डिस्क माझ्या टेबलावर होती. माझ्या डोळ्यांसमोर होती!

"पहले एक बार एरर आया था," कमलेशजी म्हणाल्या. "मैंने दोबारा दबाया तो निकल गया."

खरं म्हणजे त्यांना सांगून टाकायचा धीरच झाला नाही. त्या मुलाकडे बघून एवढंच डोक्यात येत होतं की मशीन मी बंद केलं होतं, न विचारता, आणि पट्टी निघाली नसती तर या पोराला काय तोंड दाखवलं असतं मी? चहा तसाच ठेवून खोलीत परत आले. नक्कल चाळीस टक्क्यांवर आली होती. जुनं मशीन हाताने चाचपून पाहिलं. गार.

मग माझा स्वभाव जागा झाला. म्हटलं, कारण असणारच. प्रिंटरमध्ये जुनं काम अडकलेलं असेल... पण मग वेळ आजची कशी? काउंटरच्या कॉम्प्युटरवर यादीची एखादी प्रत असेल. कमलेशजींची परवानगी घेऊन तो कॉम्प्युटर पाऊण तास उसकटला. प्रत नाही. प्रोग्राम म्हणजे नुसती एक खिडकी, सगळं त्या बंद मशीनकडूनच मागवते. मी बटण दाबून पाहिलं. सर्व्हर मिळत नाही, असा सरळ संदेश आला. पुन्हा दाबलं. तेच. पाच वेळा दाबलं, पाचही वेळा तेच.

पावणेतीनला नक्कल पूर्ण झाली. नव्या सर्व्हरवर पाचवं बिऱ्हाड मांडलं, नक्कल त्याला जोडली, चालू केलं. उठेना. निळा पडदा. इतक्या जुन्या सिस्टिमला नव्या प्रकारची डिस्क ओळखता येत नाही, म्हणून मी तिला जुन्या पद्धतीची डिस्क असल्याचं भासवलं आणि तीन पंचवीसला बिऱ्हाड उठलं. एरवी मी अशा वेळी स्वतःची पाठ थोपटते. त्या दिवशी धावत काउंटरवर गेले.

"कमलेशजी, एक बार फिर लिस्ट निकालिए ना."

प्रिंटर खडखडला. दुसरी पट्टी आली. मी दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवल्या. तीच तीन नावं, तोच क्रम. पहिले दोन नंबर तेच. सतबीरचा नंबर वेगळा.

"ये तो कोई और नंबर है," कमलेशजी म्हणाल्या.

मी दुसऱ्या पट्टीवरचा नंबर माझ्या फोनवरून लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं बाईचं रेकॉर्ड केलेलं उत्तर आलं. पुन्हा लावला, तेच.

आता जरा थांबून विचार करा, कारण मला हे कळायला तिथे दोन मिनिटं उभं राहावं लागलं होतं. डिस्कमध्ये जुना नंबर होता. मी मशीन बंद केलंच नसतं तर बारा चोवीसला पट्टीवर जुना नंबरच निघाला असता. फोन लागला नसता. सतबीर पानिपतमध्ये आपल्या कामात बसून राहिला असता. मशीन व्यवस्थित चालू असतं आणि पूनम...

सतबीर पावणेचारला आला. उंच, खांद्यावर शाल, पानिपतला ब्लँकेटचा कारखाना. पूनमच्या नवऱ्याने त्याचे पायच धरले. तो ओशाळला. "ओ भाई, क्या करते हो, खून ही तो है." माझं नाव-गाव विचारलं, मी मराठी आहे म्हटल्यावर खूश झाला. "हम भी मराठे हैं जी. पानीपत की लड़ाई के बाद जो वहीं रह गए, हम उन्हीं में से." मी हसले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. तो रक्त देऊन बिस्किटं खात बसला तेव्हा मी विचारलं, भाईसाहब, हा नंबर तुम्ही इथे कधी दिलात?

"ये वाला?" तो विचारात पडला. "ये तो पिछले हफ़्ते ही लिया है. पुराना बंद हो गया था. यहाँ तो किसी को बताया ही नहीं. मैं सोच रहा था, आप लोगों ने ढूँढा कहाँ से." मग म्हणाला, "रणभिसे सर ठीक हैं? पहले हर बर्थडे पर फ़ोन आता था उनका. मेरे घर वाले भूल जाते थे, वो नहीं भूलते थे. अब सालों से नहीं आया."

मी म्हटलं, ते गावी असतात, तब्येत बरी नसते.

रक्ताच्या तपासण्या, जुळवणी, सगळं होऊन सहा वाजून दहा मिनिटांनी पिशवी त्या थर्माकोलच्या डब्यात गेली आणि तो मुलगा ऑटोकडे धावत सुटला. माझं काम संपलं होतं, पण घरी जाववेना. कमलेशजींना मी सगळं सांगून टाकलं. मशीन मी बंद केलं होतं, तुम्हाला विचारलं नव्हतं, तुमची पट्टी निघायलाच नको होती. वाटलं, आता त्या भडकणार. त्यांनी दोन्ही पट्ट्या उचलून पाहिल्या, पहिली घडी करून माझ्या हातात दिली. "मैडम, बात हो गई ना? बस. आगे से पूछ लिया करो." आणि त्या आवरायला लागल्या.

मी बाकावर बसून होते. साडेसहाला फोन वाजला. नगरहून, स्मिताताई.

"अहो, उशिरा फोन करतेय, सॉरी हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काल पासवर्ड विचारला होतात ना... मला वाटतं बाबांना आठवला."

"काय?"

"दुपारी मी त्यांना भरवत होते. सव्वाबारा-साडेबारा झाले असतील. एकदम ताठ बसले, माझा हात बाजूला केला आणि स्पष्ट म्हणाले, 'लिहून घे.' अहो, दोन महिन्यांनी आवाज ऐकला मी त्यांचा! तेही असा खडसावून, पहिल्यासारखा. मी आपली कॅलेंडरवरच लिहून घेतलं. नुसते आकडे आहेत, दहा आकडे. पासवर्ड असा असतो का? सांगू?"

"सांगा ताई," मी म्हटलं. मी पट्टी उलगडली.

त्या एकेक आकडा सांगत गेल्या आणि मी पट्टीवर बोट ठेवत गेले. पहिला. दुसरा. तिसरा... सहाव्या आकड्यानंतर मला दिसेचना, डोळे भरून आले होते. कमलेशजी येऊन शेजारी बसल्या, त्यांनी पट्टी धरली. दहाच्या दहा तेच. दुसऱ्या पट्टीवरचा जुना नव्हे, पहिलीवरचा, ज्याला जेमतेम आठवडा झाला होता तो नंबर.

"हाच होता का हो?" स्मिताताईंनी विचारलं.

"हो ताई. हाच हवा होता."

"चला, बरं झालं!" त्यांना इतका आनंद झाला. त्या तिकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, बरोबर निघाला हं!" पुन्हा फोनवर आल्या तेव्हा गोंधळलेल्या होत्या. "काहीतरीच विचारतायत बघा. म्हणतात, बाई वाचली का. कोण बाई हो?"

मी खरंच सांगते, मला रडू आवरेना. मला उत्तर ठाऊक नव्हतं. "त्यांना सांगा, अजून कळलं नाही. कळलं की लगेच सांगते," एवढंच कसंबसं म्हटलं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मिलिंदला सगळं सांगितलं. असलं काही न मानण्यात तो माझ्याहून पक्का. म्हणाला, योगायोग असेल, तू दमली होतीस, कमलेशजींनी नंबर दुसरीकडून घेतला असेल आणि विसरल्या असतील. मी पट्टी त्याच्यापुढे ठेवली, वही ठेवली, फोनमधली कॉलची वेळ दाखवली. त्याने चष्मा लावून सगळं दोनदा पाहिलं, आणि मग सरकारी माणूस फाइल बाजूला सरकवतो तशी वही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "झोप आता."

रविवारी सकाळी सव्वाआठला कमलेशजींचा फोन आला. ऑपरेशन झालं. पूनम शुद्धीवर आली, बाळाला जवळ घेतलं. मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे नगरला लावला. स्मिताताई चर्चला निघायच्या गडबडीत होत्या. म्हटलं, एकच मिनिट, फोन काकांच्या कानाला लावा.

"काका," मी म्हटलं, "मी दिल्लीहून बोलतेय, रक्तपेढीकडून. बाई वाचली. मुलगी झालीये तिला. दोघी बऱ्या आहेत."

पलीकडे फक्त श्वास. जड, हळू. मला वाटलं, नाहीच कळलं त्यांना. फोन ठेवावा म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात आवाज आला. खडबडीत, पण शब्द नीट.

"सतबीरची तारीख टाकली का?"

रक्त दिलं की दात्याच्या नावापुढे तारीख टाकायची असते, म्हणजे तीन महिने त्याला कोणी पुन्हा बोलवत नाही, त्याच्या अंगावर ताण येत नाही. मला हे नंतर कमलेशजींनी सांगितलं. त्या क्षणी मला काहीच ठाऊक नव्हतं. सतबीर हे नाव मी स्मिताताईंसमोर उच्चारलेलंसुद्धा नव्हतं.

"टाकते काका," मी म्हटलं. "आत्ता जाऊन टाकते."

"हं," ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. स्मिताताई सांगतात, त्या दिवसानंतर आजतागायत एक शब्द नाही. घास भरवला तर खातात.

बंद मशीनमधून कागद कसा निघाला, डिस्कमध्ये नसलेला नंबर त्यावर कसा आला, आणि तोच नंबर नगरच्या कॅलेंडरवर कसा गेला... मला माहीत नाही. सगळ्या नोंदी माझ्याकडे आहेत, मी त्या किती वेळा चाळल्या असतील, त्यात उत्तर नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर जरूर कळवा, मी भांडणार नाही.

त्या रविवारी मी मेट्रो पकडून, मग ऑटो करून पुन्हा रक्तपेढीत गेले. कमलेशजींना खुर्ची मागितली, त्यांच्याच प्रोग्राममधून सतबीरचं पान उघडलं, नंबर बदलला आणि नावापुढे तारीख टाकली. त्याच्या जन्मतारखेचा रकाना तिथेच होता. ती मी माझ्या फोनमध्ये लिहून घेतली. मग खालच्या नावाची. मग त्याच्याही खालची. संपूर्ण यादी उतरवायला दुपार झाली.